ह. दळवी, समुपदेशक

१० फेब्रुवारी, सोमवार

खोली उघडली. कर्जतच्या दहिवलीत, औषधांच्या दुकानाच्या वरची. दोन खुर्च्या, एक टेबल, माठ आणि पंखा. पंखा खडखडतो, पण ते बरंच आहे. जिन्यात बसलेल्याला आतलं बोलणं ऐकू जाणार नाही.

तीन वर्षं मुंबईच्या इस्पितळात नोकरी केली. तिथे खोपोली-कर्जतकडची पोरं यायची. वीस-बावीस वर्षांची, घरी मुलाखतीला जातो म्हणून सांगून आलेली. अर्धा तास बोलायचं आणि परतीची गाडी गाठायची. तेव्हाच ठरवलं होतं की हे आपल्याकडे पाहिजे. मामा म्हणाले, "कर्जतमदी येड्यांचं दुकान कोन काढतं गं?" म्हटलं, मी काढते. बघू कोण येतं ते.

घरमालक किशोरदादा माणूस चांगला. बोर्ड रंगवणारा नाव विचारायला आला तेव्हा तेही उभे होते. मी सांगितलं, हुमा झहीर दळवी. किशोरदादांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, फळी लहान हाय. ह. दळवी लिवू. सुटसुटीत." मला हसू आलं. ते का म्हणतायत ते मला कळतं. दळवी आमच्यातही आहेत, त्यांच्यातही. त्यात खोटं काहीच नाही. शिवाय समुपदेशकानं कोऱ्या भिंतीसारखं असावं, असं शिकवतातच. समोरच्यानं स्वतःकडे बघायचं, माझ्याकडे नाही.

घरी गेल्यावर अब्बांना फोनमध्ये बोर्डाचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंय."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज ऋषिकेश पाटील आला. वय बावीस. नदीकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर असतो. शर्ट खोचलेला, बूट चकचकीत, बोलणं इतकं शुद्ध की मला स्वतःचं बोलणं सावरावं लागलं. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, हात गार पडतात. दोनदा तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत आहे म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

"मला काही झालेलं नाही," बसल्या बसल्या त्यानं सांगून टाकलं.

"मग बरंच झालं. कधी कधी धडधडतं?"

घरून फोन आला की. आणि कुणी गाव विचारलं की.

"गाव कुठलं?"

"कर्जत." थोड्या वेळानं, "कर्जतजवळ." मग खिडकीकडे बघत, "कशेळ्याकडे." अंगावरचा एकेक कपडा उतरवून द्यावा तसं तो एकेक नाव देत होता. कशेळ्याच्या पुढे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अब्बा दुकान बंद करून खालापूरहून मला न्यायला आले. स्कूटर नदीवरच्या पुलाच्या पलीकडेच लावतात. तिथपर्यंत मी चालत जायचं. किती वेळा सांगितलं, जिन्यापाशी या. म्हणतात, तिथे गाडी वळवायला जागा नसते. अख्खा टेंपो वळतो तिथे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रोहिणीताई मुलीला घेऊन आल्या. सुरभी, वीस वर्षांची, कॉमर्सला आहे. तिचं काय ते इथे लिहीत नाही. (ऋषिकेशचं तरी का लिहिते? लिहू नये. पण तो डोक्यातून जात नाही आणि मला विचारायला इथे वरिष्ठ कुणी नाही.)

जाताना रोहिणीताईंनी माझा हात धरला. "बरं झालं बाई, आपल्यातलीच भेटली. मोकळं बोलता येतं."

मी हसले. काय बोलणार? पोरीचं पहिलंच दार उघडलं होतं, ते माझ्या नावावरून आपटून घेऊ? माझा मुद्दा साधा आहे. काम महत्त्वाचं.

४ मार्च, मंगळवार

तिसरा रोजा. ऊन आत्तापासूनच कडक आहे. सुरभीला सोडून खाली थांबलेल्या रोहिणीताईंनी चहा पाठवला. ॲसिडिटी आहे असं सांगून परत केला.

ऋषिकेश आज बसला आणि म्हणाला, "माझं नाव ऋषिकेश नाही."

पंखा खडखडत होता.

"जैतू. जैतू निरगुडा. ठाकर आदिवासी आहे मी." मग माझ्या चेहऱ्यात काही हलतंय का ते बघत राहिला. नाही हललं. पुढे सांगितलं ते असं: कामावर पहिल्याच दिवशी मॅनेजर म्हणाला, जैतू वगैरे गेस्टला जमणार नाही, बिल्ल्यावर ऋषिकेश घालू. नाव त्यांनी दिलं. पाटील त्यानं स्वतः जोडलं, खोलीवरच्या मुलांनी आडनाव विचारलं तेव्हा. दोन वर्षं झाली. आता मुलं 'पाटील' म्हणून हाक मारतात आणि आधी त्याचं लक्षच जात नाही.

"आणि वाडीवर गेलास की?"

"वाडीवर जैतू म्हणतात. तिथंपण लक्ष जात नाही."

त्याला विचारलं, नाव लपवून काय मिळालं, काय गेलं? पुढच्या वेळी विचार करून ये. चांगला प्रश्न होता. मी स्वतःवर खूश होते.

११ मार्च, मंगळवार

इतकी चिडले आहे की अक्षर वाकडं येतंय.

त्या रिसॉर्टमध्ये शनिवारी 'आदिवासी रात्र' असते. वाड्यांवरून माणसं आणतात, ती ढोल वाजवतात, नाचतात, पाहुणे फोटो काढतात. जानेवारीत एकदा ठरलेला चमू आला नाही, दुसरा आणला. जैतू काउंटरला उभा होता आणि दारातून त्याचा बाप आत आला. गळ्यात ढोल. शेजारी मॅनेजर.

"मी बघितलं," जैतू म्हणाला. "त्यानंपण बघितलं. माझ्या तोंडून काही निघेना. मग तोच म्हणाला, नमस्कार साहेब. आणि पुढे गेला."

तो रात्रभर रडला आणि तेव्हापासून छातीत धडधडायला लागलं.

पोरासाठी बापानं पोराला अनोळखी केलं. मला रडू आलं नाही, राग आला. मॅनेजरचा, बिल्ल्याचा, फोटो काढणाऱ्यांचा. मी जैतूला म्हटलं, "तू काही चुकीचं केलेलं नाहीस. ज्यांनी नाव बदलायला लावलं त्यांची लाज तू का वागवतोस?" जरा जास्तच जोरात म्हटलं. तो दचकला. असं बोलायचं नसतं. पण बोलले.

पुलापर्यंत तरातरा चालत गेले, घसा कोरडा पडला होता. अब्बा नेहमीसारखे पलीकडे, झाडाच्या आड. टोपी काढून खिशात ठेवलेली. म्हटलं, "पाय दुखतात माझे रोज रोज. इथंवर का चालवता?" म्हणाले, "चल, इफ्तारला उशीर होईल."

१८ मार्च, मंगळवार

जैतू वेळेआधी आला होता आणि पुलावरच थांबला होता. अब्बा आज दुपारी मला सोडायला आले. टोपी घातलेलीच होती. मी उतरून "खुदा हाफिज अब्बा" म्हटलं आणि वळले, तर हा समोर.

माझ्या मागोमाग जिना चढला. खुर्चीत बसला नाही.

"मॅडम, तुमचं नाव काय?"

"हुमा."

"मी हेमा समजत होतो. सगळेच समजतात. खालच्या दुकानात विचारा." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. शुद्ध भाषा गळून पडली. "तुमी मला इचारलं, नाव लपवून काय मिळालं. तुमाला काय मिळालं?"

"लोक आले," मी म्हटलं.

"मग मला नोकरीच मिळाली. फरक काय?"

"माझं वेगळं आहे, जैतू. मी खोटं नाव सांगितलेलं नाही. बोर्डावर आहे ते..."

"आन पुलावर व्हते ते कोन?"

गेला. दार आपटलं नाही, नीट लावून गेला. ते जास्त लागलं.

१९ मार्च, बुधवार

आज खोली उघडली नाही. दिवसभर त्याला मनातल्या मनात उत्तरं देत बसले. माझं वेगळं आहे. बोर्ड लहान होता. कोरी भिंत. एकही उत्तर संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

इफ्तारच्या आधी अब्बा खजूर मांडत होते. विचारलं, "अब्बा, तुम्ही पुलाच्या पलीकडे का थांबता?"

"गाडी वळवायला..."

"खरं सांगा."

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी बोलले व्हते. ज्या दिवशी हिला कळंल त्या दिवशी भांडंल."

अब्बांनी खजुरांची रांग सरळ केली. "तुझी खोली नवीन गं. लोकांनी आदी तुझं काम बघावं. बापाची दाढी बघायला काय, पुढं हायच."

एका बापानं पोराला साहेब म्हटलं, तेव्हा मी इथे पानभर संतापले होते. आणि माझा बाप महिनाभर झाडाआड उभा राहत होता आणि मी त्याला पायदुखीचं रडगाणं ऐकवत होते. माणसाच्या मनातलं ओळखणं हे माझं शिकलेलं काम. यात मी एम. ए. केलंय.

म्हटलं, "उद्यापासून जिन्यापर्यंत यायचं. टोपी घालून."

"आन पोरं येयाची बंद झाली तर?"

"तर रिकामी खोली माझ्या नावानं असेल."

अम्मी हसली. अब्बा नाही हसले.

२२ मार्च, शनिवार

त्याच रंगाऱ्याला बोलावलं. हुमा झहीर दळवी. तो म्हणाला, "मावल का ताई?" म्हटलं, मावव. 'समुपदेशक' बारीक कर, नाव मोठं ठेव.

किशोरदादा खाली उभे राहून बघत होते. मग वर आले. "मॅडम, मला काय प्रॉब्लेम नाय. देवाशप्पथ. पण लोक बोलतात."

"कोण लोक? त्यांना वर पाठवा. दोन खुर्च्या आहेत."

"तसं नाय वो..."

"दादा, करार अकरा महिन्यांचा आहे. तोवर बोर्ड हलणार नाही. नंतर नको असेल तर तोंडावर सांगा, मी दुसरीकडे बघेन. पण फळी लहान आहे असं आता सांगू नका."

ते मान खाली घालून गेले. मला वाईट वाटलं. पण जुन्या बोर्डाचं वाटत होतं तितकं नाही.

बोर्डाचा फोटो जैतूला पाठवावा का? लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी नुसता फोटो पाठवला, एक अक्षर न लिहिता. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२७ मार्च, गुरुवार

दोघांनी वेळ रद्द केली. एकानं कारण दिलं, एकानं तेही नाही. रोहिणीताईंचा मेसेज: मुलीची परीक्षा आहे, सध्या नको. शेवटी हात जोडलेले.

दुपारभर एकटी बसले. खालून कुणीतरी बोर्ड मोठ्यानं वाचला आणि हसला. खिडकीत जाऊन उभी राहिले, म्हटलं, "वर या ना!" तो पळाला. गंमत वाटली, तरी खिडकी लावून घेतली.

पाच वाजता सुरभी आली. एकटी, कॉलेजची पिशवी घेऊन.

"आईला माहीत आहे?"

"नाय. तिला सांगायची गरज पण नाय. मी वीस वर्षांची हाय." मग पिशवी खाली ठेवत, "तुमी त्या दिवशी चहा परत पाठवला ना, ॲसिडिटी म्हणून? माझी मैत्रीण पण कॉलेजात तेच सांगते. मला तवाच कळलं व्हतं."

म्हणजे मला सोडून सगळ्यांना सगळं कळत होतं.

३१ मार्च, सोमवार

ईद. अब्बांनी शिरखुर्म्याचा डबा किशोरदादांना द्यायला सांगितला. मी म्हटलं, देणार नाही. म्हणाले, "भांडण हाय म्हणून सण थोडाच थांबतो?" स्वतः घेऊन गेले, जिन्यापर्यंत. दादांनी डबा घेतला. आत बोलावलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

जैतू आला. दाढी वाढलेली, पायात चपला.

"सोडली," म्हणाला.

फोटो पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं बिल्ला काढून खणात टाकला. पाहुण्यांनी नाव विचारलं की जैतू सांगायला लागला. पाहुण्यांना काही फरक पडला नाही. एका बाईनं तर अर्थ विचारला. फरक मॅनेजरला पडला. चार दिवस त्यानं ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी सांगितलं, बिल्ला लाव नाहीतर बागेत कामाला जा. जैतूनं दोन्हीला नाही म्हटलं.

"कसं वाटतंय?"

"भारी वाटतंय. आन भीती वाटते." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या सांगण्यानं नाय सोडली. तसं वाटून घेऊ नका."

पण वाटतंच आहे. तो फोटो मी का पाठवला? माफी मागायला, की त्याला बघ म्हणायला? माझा बाप दुकानदार आहे, खोली रिकामी राहिली तरी मला जेवायला मिळतं. त्याचं तसं नाही. सांगितलं त्याला हे. तो म्हणाला, "ते मला म्हाईत हाय, मॅडम. तुमाला आत्ता कळलं काय?"

१२ एप्रिल, शनिवार

जैतूचे वडील आले. कशेळ्याहून जीपनं. पन्नाशीचे, सडसडीत, डोळे पोरासारखेच. खुर्ची ओढून समोर बसले आणि सुरू झाले.

"तुमीच का त्या? पोरगं नावापायी झुरत व्हतं, तवा तुमी नाव दिलं. आता नाव हाय आन काम नाय. नावाची भाकर व्हते का?"

सबब सांगायची होती, सांगितली नाही. म्हटलं, "मी त्याला एक फोटो पाठवला. पाठवायला नको होता. तेवढी चूक माझी. बाकी त्यानं केलं ते त्याचं आहे, आणि मला ते चुकीचं वाटत नाही."

ते बघत राहिले. बहुतेक मी रडेन किंवा ओरडेन असं त्यांना वाटलं असावं.

मग मला राहवलं नाही. "तुम्ही त्याला साहेब म्हणालात. त्याला फार लागलं ते."

"लागलं?" ते खरंच चकित झाले, किंवा मला तसं वाटलं. "आवो, आमी सगली त्या काउंटराच्या भाएर उभी राहनारी. माझा पोर आतल्या बाजूला. कोट घातल्याला. माझ्या तोंडून निघालं, साहेब! मला वाटलं खूश व्हईल."

"तो रडला."

"मी वाडीव जाऊन सगल्यांना सांगितलं, आपला जैत्या साहेब झाला." हात मांडीवर आपटले. "आन तो तिकडं रडत व्हता. येडी आमी दोगं."

माठातलं पाणी प्यायले. उठताना म्हणाले, "कामाचं बगा कायतरी त्याच्या. आन तुमचा बोर्ड लांबून वाचता येतो. बरं हाय."

ते गेल्यावर विचार करत बसले. खरंच अभिमानानं म्हणाले असतील, की आजही पोराला सावरून घेतलं? मला ठरवता येत नाही. जैतूला मी काही सांगणार नाही. बापलेकांनी आपसांत बोलावं, मी मध्ये पुष्कळ बोलून झाले.

२१ एप्रिल, सोमवार

या आठवड्यात पाच जण आले. त्यातले दोघे नवे, खालापूरचे. रोहिणीताई मात्र रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

जैतू आज वाराबिरा न बघता आला. मॅनेजरचा फोन आला होता, सुट्ट्यांची गर्दी आहे, ये परत. नावाचं काय, असं यानं विचारलं. तो म्हणाला, मधला मार्ग काढू. जे. पाटील.

मी इतक्या जोरात हसले की खालचा दुकानदार बाहेर येऊन वर बघायला लागला. जैतूही हसत होता, फळीची गोष्ट मी त्याला मागेच सांगितली होती. "त्याला पण कुनी सांगितलं आसंल, फळी लहान हाय म्हणून."

त्यानं मॅनेजरला नकार दिला. आणि परवा शनिवारी गेला मात्र तिथेच. बापाच्या चमूबरोबर, ढोल घेऊन. मागच्या फाटकातून नाही, काउंटरसमोरून. नेहमी येणारं मुंबईचं एक कुटुंब होतं. त्यातले काका ओरडले, "अरे ऋषिकेश! तू इथे कसा?"

"मी म्हणलो, ऋषिकेश नोकरी सोडून गेला. मी जैतू. हा माझा बाप. बसा, आता वाजवतो."

"मॅनेजर?"

"उभा व्हता. काय करतोय?" त्यानं तळहात दाखवले, लाल झाले होते. "लई वाजवलं, मॅडम. बापानं पण वाजवता वाजवता मागं वळून माझ्याकडं बघितलं."

पुढचं काम अजून नाही. कशेळ्यात एक जीपवाला बदली ड्रायव्हर शोधतोय, तिथे बोलणं चालू आहे. पुन्हा कुठल्या रिसॉर्टला अर्ज करणार, ह्या वेळी पूर्ण नावानं. मिळेल की नाही, माहीत नाही. छातीतली धडधड कमी झाली आहे, गेलेली नाही.

मग त्याच्या हातांच्या मुठी झाल्या.

"आता येगलंच झालंय. भीती कमी झाली आन राग येतो. सगल्यांचा. त्या फोटो काढनाऱ्यांचा, मॅनेजरचा, दोन वर्सं पाटील म्हणून वाकलो त्याचा. सकाळी उठलो की राग. याचं काय करायचं?"

राग शांत करायच्या आठ पद्धती मला येतात. परीक्षेत लिहिल्या आहेत. पाणी पी म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"मलाही येतो," मी म्हटलं. "बस. त्याच्यावरच बोलू."